पगार वाढवला की माणूस कमी होतो का?

काही वर्षांपूर्वी मी आमच्या सोसायटीचा खजिनदार होतो. एका सकाळी सिक्युरिटी एजन्सीचं पत्र आलं: किमान वेतनाचे नवे दर लागू झाले आहेत, त्यामुळे पुढच्या महिन्यापासून प्रत्येक वॉचमनमागे दोन हजार रुपये जास्त द्यावे लागतील. आमच्याकडे तीन पाळ्यांचे तिघे आणि सुट्टीच्या बदलीचा एक, असे चौघे जण. म्हणजे महिन्याला आठ हजार. घरं चौसष्ट. दर घरामागे सव्वाशे रुपये.

त्या संध्याकाळच्या मीटिंगमध्ये जे सल्ले आले ते मी वहीत लिहून ठेवले होते. एक जण म्हणाले, आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी बारा तासांच्या दोन करा, एक माणूस वाचेल. दुसरे म्हणाले, गेटला बॅरियर बसवा, कॅमेरे वाढवा, रात्रीचा माणूस लागणारच नाही. तिसरे म्हणाले, मेंटेनन्स सव्वाशेने वाढवून टाका, कुणाच्या लक्षातही येणार नाही. आणि एक वयस्कर काकू म्हणाल्या, की गेल्या दोन वर्षांत गेटवर नऊ वॉचमन येऊन गेले, कुणी टिकतच नाही. जरा बरा पगार दिला तर निदान ओळखीचा चेहरा तरी राहील.

किमान वेतन आणि रोजगार यांचं नातं काय, यावर जगभरचे अर्थतज्ज्ञ शंभर वर्षांहून जास्त काळ वाद घालत आलेत. त्या वादातले बहुतेक सगळे मुद्दे त्या एका मीटिंगमध्ये येऊन गेले होते. माणूस कमी करणं, तास बदलणं, यंत्र आणणं, किंमत वाढवणं, आणि माणूस टिकल्यामुळे होणारा फायदा. यातलं नेमकं काय होतं, हे कशावर ठरतं? तेवढंच या लेखात उलगडायचं आहे.

आधी सगळ्यांना ठाऊक असलेला युक्तिवाद. कांदा महागला की आपण कमी घेतो. मजुरी म्हणजे कामाची किंमत. ती वाढली की मालक कमी कामगार घेणार. शिवाय ज्याचं काम सगळ्यात कमी मोलाचं समजलं जातं, म्हणजे नवखा पोरगा, अडाणी बाई, म्हातारा माणूस, त्याच्यावरच आधी गदा येणार. म्हणजे ज्यांच्यासाठी कायदा केला त्यांचंच नुकसान. हा युक्तिवाद करणारे सगळेच मालकांचे वकील असतात असं नाही. त्यात खरोखरची काळजी आहे आणि तो काही ठिकाणी अगदी बरोबरही ठरलेला आहे.

पण त्यात एक गृहीतक लपलेलं आहे. कांद्याचा भाव कुणी एक गिऱ्हाईक ठरवत नाही. मंडईत शंभर विकणारे असतात, हजार घेणारे असतात. मजुरीच्या बाजारात तसं असतं का?

एका गावाची कल्पना करू. खुरपणीचे दिवस आहेत. गावात खुरपायला बायका लावणारे मोठे शेतकरी मोजून दोन-तीन, आणि त्यांचा रोजाचा दर पारावर बसून ठरलेला. बायकांना लेकरं, गुरं, घर सांभाळून यायचं, त्यामुळे दुसऱ्या गावी कामाला जाणं अवघड. एका शेतकऱ्याकडे दोनशे रुपये रोजावर दहा बायका येतात. त्याला अकरावी हवी आहे. पण जी अकरावी आहे ती दोनशेला घर सोडायला तयार नाही, ती म्हणते दोनशे वीस द्या.

आता हिशेब बघा. अकरावीला दोनशे वीस दिले तर उरलेल्या दहाजणी गप्प बसणार नाहीत. एकाच सरीत खुरपताना तिला जास्त आणि आम्हाला कमी का, असं विचारतील, आणि त्यात त्यांचं काहीच चुकत नाही. म्हणजे त्या दहाजणींनाही प्रत्येकी वीस वाढवून द्यावे लागतील. दहाजणींचे दोनशे आणि अकरावीचे दोनशे वीस. अकरावी बाई शेतकऱ्याला पडली चारशे वीस रुपयांना. तिच्या दिवसभराच्या खुरपणीने त्याचा फायदा होणार समजा साडेतीनशेचा. तो तिला घेत नाही. ती घरी बसते, तण तसंच राहतं.

आता समजा कायद्याने दर ठरला: दोनशे वीसच्या खाली कुणालाही द्यायचं नाही. दहाजणींना दोनशे वीस द्यायचेच आहेत, त्यातून सुटका नाही. मग अकरावी किती जड? फक्त दोनशे वीस. फायदा साडेतीनशेचा. तो तिला बोलावतो. मजुरी वाढली आणि कामावरच्या बायका दहाच्या अकरा झाल्या. दर तीनशे ठरवला तरी अकरावी परवडते. बारावीमुळे तीनशे दहाचा फायदा होत असेल तर तीही लागते.

पण दर एकदम चारशेवर नेला तर? साडेतीनशेचा फायदा देणारी अकरावी सुटली, बारावी तर आधीच. दहावीचा फायदा तीनशे नव्वदचा असेल तर तीही गेली. नवव्या बाईचा चारशे दहाचा असेल तर ती तेवढी राहिली. दहाच्या नऊ झाल्या, आणि चारशे रुपये रोज ऐकून बांधावर पंधरा-वीस जणी येऊन उभ्या राहिल्या.

आकडे मी सोयीसाठी घेतलेले आहेत, पण हा हिशेब पुन्हा एकदा सावकाश वाचावा असं मला मनापासून वाटतं. एकाच शेतात, त्याच बायका, तोच शेतकरी. दर थोडा वाढवला तर काम वाढतं, फार वाढवला तर काम जातं. ‘किमान वेतनाने रोजगार घटतो’ म्हणणारा आणि ‘घटत नाही’ म्हणणारा, दोघेही या शेतात कुठे ना कुठे बरोबर आहेत. भांडण खरं तर एवढंच, की आपण दोनशे वीसपाशी उभे आहोत की चारशेपाशी.

घेणारा एकच किंवा मोजकेच असले की किंमत त्यांच्या हातात जाते, या स्थितीला अर्थशास्त्रात ‘मोनॉप्सनी’ म्हणतात. आपण खरेदीदाराची मक्तेदारी म्हणू. हा शब्द १९३३ साली जोन रॉबिन्सन या ब्रिटिश अर्थतज्ज्ञ बाईंच्या पुस्तकातून रूढ झाला. त्या १९२६ ते १९२८ अशी दोन वर्षं ग्वाल्हेरला राहिल्या होत्या. त्यांचे पती ऑस्टिन रॉबिन्सन शिंदे घराण्यातल्या बालवयीन महाराजांना, म्हणजे जिवाजीरावांना, शिकवायला होते. तिथे पाहिलेल्या जगाचा त्यांच्या विचारावर किती परिणाम झाला हे सांगता येत नाही. पण मजुरीच्या बाजारात दोन्ही बाजू सारख्या ताकदीच्या नसतात, हे कळायला आपल्याकडच्या कुठल्याही गावात दोन वर्षं पुरेशी आहेत, असं मला वाटतं.

तर हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात कसं तपासायचं?

अडचण अशी, की वेतन वाढलं त्याच वर्षी दुष्काळ पडला आणि कामं गेली, तर दोष कुणाचा? किंवा त्याच वर्षी बाजार तेजीत आला आणि कामं वाढली, तर श्रेय कुणाचं? शेतकरी खत तपासतो तेव्हा शेजारशेजारच्या दोन वाफ्यांत तेच पीक लावतो, तेच पाणी देतो, आणि एकालाच खत घालतो. अर्थतज्ज्ञांना असे दोन वाफे मिळाले अमेरिकेत.

न्यू जर्सी आणि पेन्सिल्व्हेनिया ही दोन राज्यं एकमेकांना लागून. मध्ये फक्त डेलावेअर नदी. १ एप्रिल १९९२ रोजी न्यू जर्सीने तासाचं किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. पेन्सिल्व्हेनियात ते ४.२५ च राहिलं. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या दोघांनी वाढ होण्याआधी आणि झाल्यावर काही महिन्यांनी अशा दोन वेळा, न्यू जर्सीतल्या आणि पूर्व पेन्सिल्व्हेनियातल्या मिळून ४१० फास्ट फूड दुकानांत चौकशी केली. पूर्ण वेळचे किती, अर्धवेळ किती, सुरुवातीचा पगार काय, बर्गर-फ्राइज-सोडा एकत्र घेतलं तर किंमत किती. फास्ट फूडच का? कारण तिथे बहुतेक पोरं किमान वेतनावरच लागतात. वाढीचा चटका कुठे बसायचाच असेल तर तो तिथे.

निघालं काय? अर्धवेळची दोन माणसं मिळून पूर्ण वेळचा एक धरला, तर न्यू जर्सीत दर दुकानामागे सरासरी २०.४ कामगार होते, ते २१ झाले. पेन्सिल्व्हेनियात, जिथे काहीच बदललं नव्हतं, तिथे २३.३ वरून २१.२ वर आले. तेव्हा त्या भागात मंदी होती. म्हणजे मंदीत पेन्सिल्व्हेनियातली दुकानं माणसं कमी करत असताना, पगार वाढवावा लागलेली न्यू जर्सीची दुकानं करत नव्हती. खाण्याच्या किमती मात्र न्यू जर्सीत वाढल्या होत्या. आमच्या मीटिंगमधला सव्वाशे रुपयांचा तिसरा सल्ला तो हाच.

१९९४ मध्ये हा अभ्यास छापून आला आणि अर्थशास्त्रात वादळ उठलं. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर या दोघांनी आक्षेप घेतला, की फोनवर सांगितलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, पगाराच्या नोंदी बघा. त्यांच्या नोंदींत न्यू जर्सीतली कामं घटलेली दिसत होती. कार्ड-क्रूगर यांनी मग सरकारी नोंदी काढल्या आणि पुन्हा मोजलं. त्यातही मोठी घट काही दिसली नाही. क्रूगर २०१९ मध्ये गेले. कार्ड यांना २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या कामाचा मोठा वाटा होता. दरम्यान असे शेजारशेजारचे वाफे शोधण्याची पद्धतच पडली. २०१९ मध्ये चार संशोधकांनी अमेरिकेतल्या राज्यांनी १९७९ ते २०१६ या काळात केलेल्या १३८ वाढी एकत्र तपासल्या. नव्या किमान वेतनाच्या खालच्या जेवढ्या नोकऱ्या नाहीशा झाल्या, जवळजवळ तेवढ्याच नव्या दराच्या किंवा त्याच्या जरा वरच्या पगारावर दिसू लागल्या. माणसं तीच, पगार वरचा. ब्रिटनने १९९९ मध्ये आणि जर्मनीने २०१५ मध्ये पहिल्यांदा देशभर किमान वेतन लावलं, तेव्हाही आधी भाकीत केलेली बेकारी आली नाही.

मग पैसे येतात कुठून? आभाळातून तर पडत नाहीत. हंगेरीने २००१ मध्ये किमान वेतन एकदम खूप वाढवलं होतं. त्याचा कसून हिशेब झाला, तेव्हा दिसलं की सुमारे तीन चतुर्थांश बोजा गिऱ्हाइकांनी वाढीव किमतीतून उचलला आणि उरलेला मालकांच्या नफ्यातून गेला. थोड्याफार नोकऱ्या गेल्या, आणि त्या जास्त करून निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांतल्या. कारण सरळ आहे. केस कापणाऱ्याने दर वाढवला तर गिऱ्हाईक केस कापायला परदेशात जात नाही. पण निर्यातीच्या मालाचा दर वाढवला तर परदेशी गिऱ्हाईक दुसऱ्या देशाकडून घेतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती विड्यांच्या वेळी पुन्हा येईल.

आता चारशे रुपयांची बाजू. १९३८ मध्ये अमेरिकेने पहिल्यांदा देशव्यापी किमान वेतन लावलं, तासाला २५ सेंट. मुख्य भूमीवर ते कमीच होतं. पण तोच दर प्वेर्तो रिको या गरीब बेटालाही लागू झाला. तिथे हजारो बायका भरतकाम-शिवणकाम करायच्या, आणि त्यांची मजुरी २५ सेंटच्या आसपासही नव्हती. काम कोसळलं. १९४० मध्ये अमेरिकी संसदेला कायदा बदलून त्या बेटासाठी उद्योगवार वेगळे दर ठरवण्याची सोय करावी लागली. तोच कायदा, तोच आकडा. पण स्थानिक मजुरीच्या मानाने आकडा कुठे बसतो, यावर सगळं ठरलं.

आपल्या घरातलं उदाहरण यापेक्षा मोठं आहे, आणि मला ते जास्त जवळचं वाटतं. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना.

वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग सुरू केला. १९७२ च्या दुष्काळाने तिला राज्यभर नेलं. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. जो अंगमेहनतीचं काम मागेल त्याला काम द्यायचं, ही सरकारवरची जबाबदारी. पैसा कुठून? शहरातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात दर महिन्याला जो व्यवसाय कर कापलेला दिसतो ना, तो या योजनेसाठीच सुरू झाला. जुन्या गावकऱ्यांच्या बोलण्यात आजही ‘हमीच्या कामाला जाणं’ असतं. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी. खोदलेल्या चौकड्यांचं माप घ्यायचं आणि मापाप्रमाणे मजुरी. दर असे बेतलेले, की सामान्य माणसाने सात तास काम केलं तर त्याच्या हातात शेतमजुराच्या किमान वेतनाइतके पैसे पडावेत.

या शेवटच्या ओळीत सगळी कळ आहे. शेतमजुरीचं किमान वेतन वाढलं की हमीची मजुरीही वाढणार. आणि ती वाढायलाच हवी होती. राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या खटल्यात, संजित रॉय यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये स्पष्ट सांगितलं होतं, की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही वेठबिगारीच आहे, मग घेणारं सरकार का असेना, आणि कारण दुष्काळ का असेना.

१९८८ मध्ये महाराष्ट्रात शेतमजुरीचं किमान वेतन जवळजवळ दुप्पट झालं. हमीचा दरही त्याबरोबर तेवढाच चढला. साध्या तर्काने काय व्हायला हवं? हमीच्या कामावर रांगा लागायला हव्यात. मजुरी दुप्पट, काम मागेल त्याला. पण हजेरीपटावरचे आकडे उलटे गेले. कामावरच्या मजुरांची संख्या घसरली.

मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या तिघांनी वर्षानुवर्षांचे महिनावार हजेरीचे आकडे घेऊन याचा माग काढला. पावसाळ्यात हजेरी उतरते, उन्हाळ्यात चढते, चांगल्या पावसाच्या वर्षी कमी असते. हे सगळं वजा केल्यावरही घट उरत होती. १९९३ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा: मजुरांनी काम मागणं कमी केलं नव्हतं, काम मिळणं कमी झालं होतं. मजुरी दुप्पट झाली पण योजनेवरचा पैसा त्या प्रमाणात वाढला नाही, म्हणून कामं कमी निघाली. ज्या योजनेच्या नावातच हमी होती, तिथे काम वाटून द्यायची पाळी आली.

ही घट गावात कशी दिसते हे सांगायला हवं, कारण ‘कामावरून काढलं’ असं कुणी म्हणत नाही. नवं काम सुरू करायला निदान पन्नास मजूर लागायचे. एकेचाळीस जण अर्ज घेऊन गेले तर सांगितलं जायचं, अजून नऊ आणा. नऊ आणले तर अंदाजपत्रक तयार नाही. तयार झालं तर काम दुसऱ्या टोकाच्या गावात, दूरवर. ज्याला पोटासाठी आज काम हवं तो तेवढं थांबू शकत नाही. तो मिळेल त्या दरात खाजगी रानात जातो किंवा ऊसतोडीची उचल घेतो. म्हातारे आणि लेकुरवाळ्या बायका दूरच्या कामावर जाऊ शकत नाहीत, त्या आपोआप गळतात. म्हणजे हमीची खरी गरज ज्यांना सगळ्यात जास्त, त्याच आधी बाहेर.

यातून ‘मजुरी वाढवायला नको होती’ असा अर्थ काढणारे आहेत. मला तो पटत नाही. दुप्पट मजुरी देऊन तेवढीच कामं काढायची तर पैसाही दुप्पट लागतो, हे गणित दर जाहीर करताना मांडायला हवं होतं. दर एका खात्याने ठरवायचा आणि पैसा दुसऱ्याने द्यायचा नाही, यात नुकसान मजुराचं होतं. इथे रोजगार बाजाराने हिरावला नाही, तिजोरीने हिरावला.

दुसरी आठवण विड्यांची. १९६६ मध्ये देशात विडी आणि सिगार कामगारांसाठी कायदा झाला. केरळ सरकारने तो १९६८ मध्ये खरोखर लागू करायचं ठरवलं. कण्णूर भागात काम देणाऱ्या मंगळूरच्या बड्या विडी कंपन्यांनी तिथलं काम बंद केलं आणि पाना-तंबाखूसकट कर्नाटकात गेल्या. सुमारे बारा हजार विडी कामगार एका फटक्यात रिकामे झाले. विडीला मोठं यंत्र लागत नाही. पानं, तंबाखू, दोरा, कात्री, सूप एवढ्यावर काम चालतं, आणि हे सगळं उचलून शेजारच्या राज्यात नेणं एका रात्रीचं काम. वॉचमन असा हलवता येत नाही, गेट जिथे आहे तिथेच तो लागतो. विडी हलवता येते. म्हणून सोलापुरात हजार विड्यांमागच्या मजुरीवर वाद पेटला की तिथल्या बायकांच्या पोटात जी भीती असते, ती खोटी नाही. कण्णूरच्या कामगारांनी पुढे सरकारच्या मदतीने १९६९ मध्ये दिनेश विडी ही स्वतःची सहकारी संस्था उभी केली आणि अनेक दशकं चालवली. पण तेवढं जमायला संघटना लागते, आणि पाठीशी उभं राहणारं सरकार लागतं. यावर खरा उपाय म्हणजे सीमेपलीकडेही तळाचा दर असणं. देशपातळीवर असा एक दर होता, २०१९ पासून दिवसाला १७८ रुपये, पण तो राज्यांवर बंधनकारक नव्हता. नव्या वेतन संहितेत केंद्राने ठरवलेल्या तळदराखाली कुठल्याच राज्याला जाता येणार नाही अशी तरतूद आहे. ही संहिता २०१९ मध्ये मंजूर झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. तो दर किती ठरतो, यावर पुष्कळ काही अवलंबून राहील.

आपल्याकडे दर ठरतो कसा, हे थोडक्यात. १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली राज्य सरकार उद्योगवार दर काढायचं. महाराष्ट्रात असे साठाहून अधिक उद्योग, त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा पायऱ्या, आणि शहर-गावाप्रमाणे परिमंडळं. मूळ दर काही वर्षांनी बदलतो. महागाईप्रमाणे विशेष भत्ता मात्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये. आकडा कशाच्या आधारे काढायचा याचं माप १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने घालून दिलं: एका कमावत्याच्या पगारात तीन माणसांच्या पोटाचा हिशेब, माणशी रोज २,७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्तीसाठी वीस टक्के. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरायला सांगितलं. म्हणजे किमान वेतनाची पहिली कसोटी ‘मालकाला काय परवडतं’ ही नाहीच. माणूस जगू शकतो का, ही आहे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रोजगाराचा विचार करायलाच हवा, पण त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिल्यानंतर.

आणि आपल्याकडे एक तिसरी शक्यता नेहमी असते, जी न्यू जर्सीच्या तक्त्यांत मावत नाही. दर वाढतो, माणूस तेवढाच राहतो, आणि पगारही तेवढाच राहतो.

आमच्या मीटिंगकडे परत येतो. काकूंचं म्हणणं पटलं. कुणालाही कमी करायचं नाही, मेंटेनन्स सव्वाशेने वाढवायचा, असं ठरलं. दर महिन्याला एजन्सीला वाढीव रकमेचा चेक मी स्वतः सही करून देत होतो. सहा महिन्यांनी, दिवाळीच्या तोंडावर, रात्रपाळीच्या मामांनी मला गेटवर थांबवलं आणि तीन हजार उसने मागितले. मी म्हटलं, मामा, आता तर पगार वाढलाय ना? ते माझ्याकडे बघत राहिले. मग आत जाऊन प्लास्टिकच्या पिशवीतून पासबुक घेऊन आले. दर महिन्याच्या सात तारखेला पूर्ण पगार जमा. आठ तारखेला त्यातून एक ठरावीक रक्कम एटीएममधून काढलेली. दर महिन्याला तीच रक्कम. मी विचारलं, हे पैसे कशाला काढता? ते म्हणाले, “मी नाही काढत. कार्ड सुपरवायझरकडे असतं. चौघांचंही.”

कागदावर सगळं बरोबर होतं. किमान वेतनाच्या तक्त्याप्रमाणे पगार, बँकेतून, वेळेवर. कुणी अभ्यासक आमच्याकडे आला असता तर त्याने लिहिलं असतं, वेतन वाढलं आणि रोजगार घटला नाही. पहिला अर्धा भाग खोटा होता.

एजन्सीला बोलावलं. आवाज चढले. शेवटी चौघांची कार्डं परत आली. आणि आम्ही ठरवलं, की पुढच्या महिन्याचा चेक चारही पासबुकं बघूनच निघेल, आणि आठवड्यातून एक दिवस कार्ड स्वतःच्या खिशात आहे ना, हे समितीतलं कुणीतरी विचारेल.

मामा तेव्हा रात्रपाळी संपवून शेजारच्या बिल्डिंगमध्ये रोज पहाटे अकरा गाड्या पुसायचे. सकाळी साडेआठला खोलीवर जाऊन झोपायचे. पूर्ण पगार हातात यायला लागल्यावर तिसऱ्या महिन्यात त्यांनी ते काम सोडलं. त्या गाड्या आता इस्त्रीवाल्याचा धाकटा मुलगा पुसतो, कॉलेजला जाण्याआधी.